तीन मैलांचा एक खेळ

आमच्या तालुक्याच्या गावातली एकुलती एक टॉकीज मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती पुन्हा उघडली नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर खेळ करायला परवानगी मिळाली, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा टाळं लागलं आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातली चित्रपटगृहं पुन्हा सुरू झाली. आमच्या टॉकीजचं दार मात्र गंजतच राहिलं. आता तिथे दुकानांचे गाळे व्हायचे आहेत. टॉकीज पाडू नये म्हणून गावातल्या काही जणांनी निवेदन द्यायचं ठरवलं. मी पुण्यात इतिहास शिकवते, त्यामुळे मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिली सही माझ्या मामांची असावी, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. आधी फिरत्या तंबूत आणि मग याच टॉकीजच्या बूथमध्ये मिळून त्यांनी चाळीस वर्षं मशीन चालवलं. मामांनी निवेदन दोनदा वाचलं, नीट घडी घातली आणि सही न करताच माझ्या हातात परत दिलं. त्यानंतर त्यांच्या घराच्या ओट्यावर आमचं जे बोलणं झालं, ते जसं आठवतं तसं मांडते आहे.

मी : मामा, तुम्हीच सही केली नाहीत तर मी दुसऱ्या कुणाकडे कोणत्या तोंडाने जाऊ?

मामा : अगं, पहिल्याच ओळीत लिहिलंयस, ही वास्तू गावाचा वारसा आहे म्हणून. वास्तू कसली? चार भिंती आणि वर पत्रा. पावसाळ्यात पत्र्यावर असा मारा व्हायचा की पडद्यावर कोण काय बोलतंय ते कळायचं नाही. वारसा देवळाला म्हण, वाड्याला म्हण, गावच्या बारवेला म्हण. टॉकीज म्हणजे खेळ. खेळ सुटला की माणसं उठतात, मागची माणसं येतात. जागेत जीव गुंतवायचा नसतो.

मी : पण खेळाला जागा तर लागते.

मामा : लागते, रात्रीपुरती. मी धंदा शिकलो तो तंबूत. दिवाळी झाली की गाडी बाहेर पडायची, ती पाऊस तोंडावर येईपर्यंत एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत. म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात पालचा खंडोबा, औंधची यमाई. ट्रकच्या हौद्यात मशीन बसवलेलं, समोर तंबू, तंबूच्या टोकाला पडदा. दिवसा भोंगा लावून आसपासच्या गावांत ओरडत फिरायचं. तिन्हीसांजेला रेकॉर्ड वाजायला लागली की बैलगाड्या जत्रेकडे वळायच्या. खाली माती, वर कापड, मध्ये दोर बांधून एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. खुर्ची कुणालाच नाही. जत्रा उठली की तंबू गुंडाळला. सकाळी माळावर मेखांची भोकं तेवढी राहायची. त्या भोकांसाठी कुणी कधी निवेदन दिलं नाही.

मी : दिलं नाही, म्हणून तर तंबूचा इतिहास हाताला लागत नाही. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ झाला, ही तारीख शाळेतली मुलंही सांगतात. कारण त्याची जाहिरात वर्तमानपत्रात छापून आली. तुमची जाहिरात भोंग्यावर व्हायची. भोंग्याचा आवाज कोण फाईलला लावून ठेवणार?

मामा : ज्यांना ठेवायचं होतं त्यांनी ठेवलं की. ती दोघं जण तंबूवाल्यांबरोबर हिंडली होती, त्यांचा सिनेमा तूच मला दाखवलास.

मी : शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’. वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजांबरोबर राहून त्यांनी तो माहितीपट केला. २०१६ मध्ये कान महोत्सवात माहितीपटांच्या परीक्षकांनी त्याची खास दखल घेतली. त्याच्या आधी तंबूतल्या प्रेक्षकांच्या छायाचित्रांसाठी मधेशियांना २०११ चा वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला होता.

मामा : मग त्या फोटोंत काय आहे, आठव. तंबूची कापडं आहेत का? माणसांची तोंडं आहेत. पडद्याचा उजेड तोंडावर पडलेली, डोळे विस्फारलेली माणसं. माझं म्हणणं एवढंच आहे. टॉकीज म्हणजे ती तोंडं. ती आता घरोघर हातातल्या मोबाइलवर वाकलीत. तू रिकाम्या खुर्च्या जपून काय करणार?

मी : मामा, तंबू आणि भिंत तुम्ही इतकी वेगळी धरता, पण आपल्याकडे तंबूवाल्यांनीच भिंती बांधल्या. अब्दुलअली युसुफअली नावाचे गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तंबू घेऊन सिंगापूर, जावा, सुमात्रा, ब्रह्मदेश असे फिरत होते. हजारभर माणसं बसतील एवढा तंबू. पुढे काही वर्षं हिंदुस्थानात फिरले आणि शेवटी आर्देशीर इराणींच्या भागीदारीत मुंबईत पक्क्या चित्रपटगृहांत स्थिरावले. गिरगावातलं मॅजेस्टिक त्यांचंच. १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, लागला तो त्याच मॅजेस्टिकमध्ये. आयुष्यभर मेखा ठोकणाऱ्या माणसालाही शेवटी भिंत हवीशी वाटली.

मामा : वाटली, कारण मुंबईत रोज नवं गिऱ्हाईक मिळतं. लहान गावात तसं नसतं. इथे तीच हजार-दोन हजार माणसं. चार दिवसांत सगळ्या गावाचा सिनेमा पाहून होतो, पाचव्या दिवशी नव्या सिनेमाची पेटी लागते. तंबूवाला हुशार. तो सिनेमा बदलायच्या ऐवजी गावच बदलतो.

मी : लहान गावाची ही अडचण दादासाहेब फाळक्यांनाही आली होती. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईत कोरोनेशनमध्ये लागला, चांगला चालला. मग तो सुरतेला गेला, तर पहिल्या दिवशीचा गल्ला तीन रुपये. लोकांना कमी पैशात सहा-सहा तासांचं नाटक पाहायची सवय. दीड तासाच्या खेळाला जास्त पैसे का द्यायचे, असा त्यांचा सवाल. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात बदलली. ५७ हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि दर फक्त तीन आणे, अशा अर्थाची. मग गर्दी झाली.

मामा : थांब. ‘राजा हरिश्चंद्र’ किती फुटांचा?

मी : ३,७०० फूट. चार रिळं.

मामा : एका फुटात सोळा चौकटी. ३,७०० गुणिले सोळा म्हणजे... ५९,२००. बरोबर आहे की! ५७ हजार फोटो म्हणाले त्यात काही खोटं नाही. पण दोन मैल? मैलाचे ५,२८० फूट. ३,७०० फुटांत एक मैलही भरत नाही. तो माणूस फिल्म स्वतः कापायचा, स्वतः जोडायचा. त्याला ठाऊक नसेल असं होणार नाही. गाव जमवायला त्याने मैल वाढवले.

मी : तुमच्या वेळच्या सिनेमाचे किती मैल व्हायचे?

मामा : बोलपट मिनिटाला नव्वद फूट जातो. तीन तासांचा सिनेमा धर. १६,२०० फूट. तीन मैलांच्या थोडं वर. दिवसाला तीन खेळ म्हणजे नऊ मैल फिल्म माझ्या बोटांखालून जायची. फाळक्यांचे दोन मैल आमच्या टॉकीजमध्ये एका खेळातच मागे पडायचे.

मी : हा हिशेब मला एकाही पुस्तकात सापडला नसता.

मामा : सापडला नसता, कारण तो हातात आहे. भिंतीत नाही.

मी : बरं, मग भिंतीतली एक गोष्ट सांगा. बूथच्या त्या दोन चौकोनी झरोक्यांवर लोखंडी झडपा आहेत. उभ्या खाचेत बसवलेल्या. लहानपणी मी विचारलं होतं, तुम्ही म्हणाला होता, हात लावू नकोस. त्या कशासाठी होत्या?

मामा : आगीसाठी. जुनी फिल्म नायट्रेटची. बारूदच म्हण. पेटली की पाण्याने विझत नाही, धुराने माणूस गुदमरतो. आणि मशीनमध्ये उजेड कसला? कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, मध्ये वीज उडी मारते, त्याचा तो पांढरा जाळ. जाळाच्या समोरून नायट्रेटची फिल्म धावतीये. म्हणून कायद्यानेच बूथ वेगळा, पक्का, आग बाहेर जाणार नाही असा बांधावा लागायचा. आत भडका झालाच तर झडपा खाली पाडायच्या, म्हणजे जाळ प्रेक्षकांत जात नाही.

मी : आणि ऑपरेटर?

मामा : ऑपरेटर आत. त्याने आपलं दार शोधायचं. माझ्या वेळेपर्यंत नायट्रेट गेलं होतं, पन्नासच्या दशकातच न जळणारी फिल्म आली. पण ज्यांनी मला शिकवलं त्या उस्तादांनी ते दिवस पाहिले होते. त्यांनी पहिल्या दिवशी मशीन दाखवलं नाही. आधी झडप दाखवली, मग दार.

मी : मामा, तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते मी झडपेबद्दल विचारलं म्हणून सांगितलंत. इमारत पाडली की झडप भंगारात जाईल. मग कुणीही येऊन तुम्हाला हा प्रश्न विचारणार नाही. इतिहासाला असं काहीतरी हाताला लागावं लागतं. त्याला धरून माणूस बोलतो. मी भिंती वाचवायला निघाले नाही. भिंतींमुळे निघणारे प्रश्न वाचवायला निघाले आहे.

मामा : हे तुझं पटलं. झडप काढून घे, तुझ्या कॉलेजात ठेव. मशीनही ठेव. पण म्हणून सबंध जागा अडवून धरायची? आणि निवेदनात पुढे जे लिहिलंयस, ते तर मला मुळीच मान्य नाही. लिहिलंयस की जात, धर्म, गरीब-श्रीमंत सगळे इथे एका अंधारात समान होते. कोण समान? थर्ड क्लासचं दार वेगळं, गल्लीतून. बाल्कनीचं दार रस्त्यावर, पायऱ्या चढून. थर्डला बाकडी, पडद्याला नाक लागेल एवढ्या जवळ. बाल्कनीला खुर्ची. मी वरून झरोक्यातून सगळं गाव रोज पाहत होतो. कोण कुठे बसतो ते इतक्या वर्षांत फारसं हललं नाही.

मी : हे पहिल्या महिन्यापासूनचं आहे. वॉटसन हॉटेलात सगळ्यांना एकच दर होता, एक रुपया. तिथून खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेला आणि दर लवकरच चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत झाले. पडदानशीन बायकांसाठी वेगळ्या बॉक्स. सिनेमा आपल्याकडे आला त्या जुलै महिन्यातच समाजाची उतरंड तिकिटावर छापली गेली होती.

मामा : मग समान कशाला लिहिलंस?

मी : कारण त्याच्या आधी चार आण्यांचं तिकीट काढून बाल्कनीतल्या माणसाएवढाच खेळ पाहायची सोय कुठे होती? तमाशा पाटलाच्या मर्जीने, कीर्तनात बसायची जागा जातीने. इथे तिकीट घेतलं की पडद्यावरचा प्रत्येक फूट तुमच्याही वाट्याचा. थर्डवाल्याला गाणं कमी दिसत नव्हतं.

मामा : जास्तच दिसायचं. शिट्ट्याही त्यांच्याच. बाल्कनीतले लोक हसतानासुद्धा थर्ड कधी हसतं याची वाट पाहायचे. पण बाळ, तू बायकांचं बोल. तुझी आई, माझी सख्खी बहीण. भाऊ टॉकीजमध्ये ऑपरेटर, तिकीट लागणार नाही. तरी लग्नाआधी किती वेळा आली असेल? दोनदा. त्यातला एक देवाचा. म्हणून घरातून सोडलं.

मी : ‘जय संतोषी माँ’. १९७५ चा.

मामा : आपल्याकडे तो काही महिन्यांनी आला, पण काय आला! बाया चपला बाहेर काढून आत. पडद्याकडे नाणी उधळायच्या. आरतीला उभ्या राहायच्या. थर्डच्या दाराबाहेर चपलांचा ढीग आणि खेळ सुटल्यावर ज्याची त्याची चप्पल शोधायला अर्धा तास. दारावरचा माणूस हात जोडून उभा. त्या आठवड्यात मी बूथमध्ये चपला घालायचं सोडलं.

मी : आई त्या दिवसाबद्दल अजून बोलते. देवीबद्दल फारसं नाही. ती सांगते की आळीतल्या नऊ बायका चालत गेल्या, बरोबर एकही पुरुष नव्हता आणि येताना त्या मुद्दाम लांबच्या रस्त्याने आल्या. तिच्या आयुष्यात बाजार, देऊळ आणि पाणवठा सोडून आपणहून जायची ती पहिली जागा. मामा, तुम्ही वरून सगळं गाव पाहिलंत, पण तो लांबचा रस्ता तुम्हाला झरोक्यातून दिसला नसणार.

मामा : नाही दिसला. (बराच वेळ ते काही बोलले नाहीत.) हे तिने मला कधी सांगितलं नाही. पण हा एक दिवस झाला. बाकीच्या दिवसांचं काय? रात्रीच्या शेवटच्या खेळाला एकटी बाई आलेली मी चाळीस वर्षांत पाहिली नाही. तुझ्या निवेदनात त्या न आलेल्या बायकांबद्दल एक ओळ नाही.

मी : नाही, खरं आहे. पण जागाच पाडली तर त्या येणार कुठे?

मामा : बघ, तू म्हणतेस जागा गेली म्हणून माणसं तुटली. मी म्हणतो, माणसं आधी गेली. रविवार सकाळचा खेळ आमचा हुकमी. १९८७ च्या जानेवारीत टीव्हीवर रामायण सुरू झालं आणि रविवार सकाळ गेली. त्याच सुमारास व्हिडिओवाले आले. एका खोलीत एक टीव्ही, पन्नास माणसं आणि आमच्याकडे महिन्यांनी येणार तो सिनेमा त्यांच्याकडे आधीच. आम्ही पेटीची वाट पाहत बसायचो. पुण्या-मुंबईत चालून चालून, रेघा पडून, सांधे मारून थकलेली प्रिंट एसटीने यायची. नायक दार उघडतो आणि एकदम बाजारात निघतो. मधलं पंचवीस फूट कुठल्या तरी गावात तुटून पडलेलं असायचं. पब्लिक मला शिव्या द्यायचं.

मी : पेटी कुठून यायची यातही केवढा इतिहास आहे. महाराष्ट्र १ मे १९६० ला एक झाला, पण सिनेमाच्या धंद्याने तो नकाशा मानलाच नाही. आपण वितरणाच्या बॉम्बे सर्किटमध्ये. त्यात गुजरात आणि बेळगाव-धारवाडही. विदर्भ सीपी-बेरार सर्किटमध्ये, त्याचा कारभार भुसावळ-अमरावतीच्या कचेऱ्यांतून. मराठवाडा निजाम सर्किटमध्ये. इंग्रज गेले, निजामशाही संपली, मध्यप्रांत इतिहासजमा झाला, पण वितरकांच्या कागदावर ती राज्यं अजून आहेत. आपल्याकडे लागलेला सिनेमा नांदेडच्या टॉकीजला वेगळ्या दारातून यायचा.

मामा : आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. आम्हाला एवढंच कळायचं की आपला नंबर शेवटी. म्हणून २००५ नंतर उपग्रहावरून सिनेमा उतरवायची सोय आली ना, तेव्हा सगळे मला विचारायचे, आता तुमचं कसं होणार? मी म्हणायचो, माझं काय व्हायचं ते होईल. मुंबईत शुक्रवारी लागलेला सिनेमा आपल्या गावात त्याच शुक्रवारी लागला. रेघ नाही, सांधा नाही, एक फूट कमी नाही. माझ्या चाळीस वर्षांत गावाला पहिल्यांदा पूर्ण सिनेमा मिळाला. आणि तो बटण दाबून चालला, माझी गरज न पडता. मला वाईट वाटावं अशी सगळ्यांची इच्छा होती. मला नाही वाटलं.

मी : खरंच नाही?

मामा : हाताला वाटलं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका यायचा. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन सुरू करायचं, दुसऱ्याला बदलायचं. डोळ्याची पापणी लवायच्या आत. नीट जमलं तर कुणाला कळतसुद्धा नाही. चुकलं तर सगळं गाव ओरडतं. निवृत्त झाल्यावरही टीव्हीवर जुना सिनेमा लागला आणि तो ठिपका दिसला की माझा हात आपोआप उचलला जायचा. तेवढंच.

मी : मामा, व्ही. शांताराम तरुणपणी हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम करायचे आणि संध्याकाळी पत्र्याच्या सिनेमागृहात दारावर उभे राहायचे. रोज तेच चित्रपट पाहून ते सिनेमा शिकले, मग कोल्हापूरला बाबूराव पेंटरांकडे गेले. पत्र्याची टॉकीज नसती तर ‘माणूस’सारखा त्यांचा चित्रपट कुठून आला असता?

मामा : आजचा पोरगा मोबाइलवर शिकेल. तिकीट नाही, दारावर उभं राहायला नको.

मी : शिकेल. पण एकटा शिकेल. पाचशे माणसं एकदम कुठे हसतात आणि कुठे श्वास धरतात, हे त्याला कोण शिकवणार? कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू म्हणून खेडं आहे. सुपारीच्या बागांतलं. तिथे के. व्ही. सुब्बण्णांनी ‘निनासम’ ही नाटकाची संस्था वाढवली आणि १९७०च्या दशकात चित्रसमाज काढून गावकऱ्यांना जगभरातले चांगले चित्रपट दाखवले. समोर कोण? शेतकरी, मजूर, बागांत राबणाऱ्या बाया. ‘निनासम’ आजही चालू आहे. पुण्यात ‘सांगत्ये ऐका’ विजयानंद टॉकीजमध्ये १३१ आठवडे चालला, ते गर्दीचं बळ होतं. हेग्गोडूत गर्दी नव्हती, तरी माणसं एकत्र बसून पाहत होती. तुम्ही म्हणता माणसं गेली म्हणून जागा गेली. तिथे आधी जागा ठेवली, माणसं नंतर आली.

मामा : तिथे कुणीतरी रोज झाडलोट करत असेल, मशीन पुसत असेल, खुर्च्या लावत असेल. त्या माणसाचा पगार कोण देत होतं, हे आधी विचार. आपल्या टॉकीजच्या मालकाने शेवटची पाच वर्षं पदरचं घातलं. सहाशेंच्या जागेत वीस माणसं. विजेचं बिल वीस माणसांचं येत नाही, सहाशेंचं येतं. निवेदनात त्याला गुन्हेगार केलंयस.

मी : तसा शब्द कुठे वापरला मी?

मामा : ‘व्यापारी हव्यास’ लिहिलंयस. तोच शब्द झाला. टॉकीज हा पहिल्यापासून व्यापारच होता. फाळक्यांचे दोन मैलही व्यापार. व्यापाराने माणसं एकत्र बसवली, ह्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? लाज ह्याची वाटली पाहिजे की व्यापार सोडून दुसरं कुणी त्यांना एकत्र बसवायला पुढे आलं नाही. नगरपालिकेने नाही, शाळेने नाही, तुझ्या-माझ्यासारख्यांनी नाही. तूसुद्धा पुण्याला मल्टिप्लेक्सात जातेस.

मी : जाते. आणि तिथे आजूबाजूला कोण बसलंय ते मला माहीत नसतं. इथे माहीत असायचं.

मामा : पेन आण.

मी : सही करताय?

मामा : आधी खोडतो. ‘समान होते’ हे काढ. ‘हव्यास’ काढ. ‘वास्तू’ राहू दे, झडपेमुळे राहू दे. आता खाली लिही, मी सांगतो तसं. गाळे बांधायचे तर बांधा. जागा त्याची आहे, त्याचं पोट आहे. पण तळमजल्यावर एक पडदा ठेवा. दोनशे माणसांचा पुरे, सहाशेंचा नको. दार एकच, रस्त्यावर. थर्डचं वेगळं दार नको. दर मजुराला परवडेल एवढा. रात्रीचा खेळ सुटेल त्या वेळी एसटी स्टँडपर्यंत रस्त्यावर दिवे असावेत, आणि हे नगरपालिकेने करावं, मालकाने नव्हे. लिहिलंस?

मी : लिहिलं. दिव्यांचं कशासाठी?

मामा : तुझी आई येताना लांबच्या रस्त्याने आली होती ना? दिवसाच्या खेळाला. रात्रीच्या खेळाला कुणाला तरी तसं यावंसं वाटलं तर अंधार आडवा यायला नको.

त्यांनी कागद पुन्हा वाचला. खाडाखोडीने अर्धा भरला होता. मी म्हटलं, नीट लिहून काढते, मग सही करा. ते म्हणाले, नको, ह्याच्यावरच करतो, सांधा दिसला तर दिसू दे. निवेदनाच्या तक्त्यात नाव, पत्ता आणि सही एवढेच रकाने होते. मामांनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मग पट्टी मागवून घेऊन पुढे एक नवा रकाना आखला आणि त्यात लिहिलं : ऑपरेटर. त्यांच्यामागे अठ्ठावीस जणांनी सह्या केल्या. प्रत्येकाने त्या चौथ्या रकान्यात आपलं काहीतरी लिहिलं आहे. दारावर तिकीट फाडायचो. पहिल्या रांगेत बसायचे. चहाचा गाडा. आईने लिहिलं : एकदा गेले, चालत.